धनगरांच्या वाड्यावर एक जर्मन प्राध्यापक

गेल्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमारास आम्ही नववीच्या वर्गास ‘आमच्या घरचा कुळाचार’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. सराफा आणि राजवाडा या भागांत राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे खंडोबाची उपासक आहेत. तेव्हा मजकुराला तोटा पडणार नाही, असा आमचा कयास होता. तो साफ फसला. बहुतेकांनी तीनचार ओळींत विषय संपविला होता. आजी तळी भरते, आम्ही येळकोट म्हणतो, मग भरीत-रोडगा खातो, एवढ्यावर काम भागले होते. एका विद्यार्थिनीने तर प्रांजळपणे लिहिले होते की, हे सारे का करतात ते आपणांस ठाऊक नाही, आणि ज्या अर्थी ते कोणत्याही पुस्तकात नाही त्या अर्थी ते फारसे महत्त्वाचेही नसावे.

त्या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थबकलो. मुलीचा यात काही दोष नव्हता. जे छापलेले असते तेवढेच ज्ञान, ही समजूत आम्हां शिक्षकांनीच मुलांच्या मनात रुजविली आहे. परंतु नेमक्या याच समजुतीविरुद्ध आयुष्याची सुमारे पंचवीस वर्षे वेचणारे एक जर्मन प्राध्यापक होऊन गेले. त्यांनी ज्या गोष्टींचा शोध घेतला त्यांची मुळे आपल्या इंदूरच्या इतिहासातही खोल गेलेली आहेत. डॉ. गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे त्यांचे नाव. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते अध्यापन करीत. पण त्यांचे खरे विद्यापीठ महाराष्ट्राच्या माळरानावर, मेंढ्यांच्या कळपांमध्ये भरत असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जर्मन पंडित आणि महाराष्ट्र यांचा संबंध तसा जुना आहे. मार्टिन हौग हे १८५९ साली पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. ऐतरेय ब्राह्मणाचा अर्थ लावताना नुसत्या टीकाग्रंथांनी त्यांचे समाधान होईना. तेव्हा ज्याने स्वतः सोमयाग केलेले होते असा एक श्रौती त्यांनी गाठला, आणि यज्ञातील क्रिया त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून पाहिल्या. मगच १८६३ साली त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. त्यांच्यामागून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेओर्ग ब्यूलर आले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फ्रांट्स कीलहॉर्न आले. या दोघांनी वर्गातील अध्यापन सांभाळून सरकारसाठी हस्तलिखितांचा शोध चालविला. त्या शोधातून जमलेल्या सरकारी संग्रहातील हजारो पोथ्या आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुरक्षित आहेत. हे उपकार थोर खरे. तथापि ही सारी धडपड पोथीसाठी होती. ज्यांच्या घरी पोथी नव्हती, ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्यांच्या दाराशी या पंडितांपैकी कोणी फारसे थांबले नाही.

सोंथायमर यांचा प्रवासही प्रथम पोथीपासूनच सुरू झाला. ते मूळचे कायद्याचे आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक. एकत्र हिंदू कुटुंब ही संस्था कायद्याच्या दृष्टीने कशी घडत गेली, यावरचा त्यांचा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. आता आपले धर्मशास्त्रकार स्वतःच सांगून ठेवतात की, देशाचार आणि कुलाचार यांस मान द्यावा. पण आचार काही पोथीत राहत नाही, तो माणसांत राहतो. मग तो पाहावयाचा कोठे? आमच्या समजुतीप्रमाणे हाच प्रश्न या कायदेपंडितास ग्रंथालयातून उठवून धनगरांच्या वाड्यावर घेऊन गेला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मृत्यूपर्यंत ते पुनःपुन्हा महाराष्ट्रात येत राहिले. ते मराठी बोलत, आणि धनगरांशी बोलावयाचे तर दुसऱ्या कोणत्या भाषेने काम भागणार!

येथे ‘वाडा’ या शब्दाविषयी थोडे सांगावयास हवे, कारण इंदुरात वाडा म्हटला की डोळ्यांपुढे सातमजली राजवाडा उभा राहतो. धनगराचा वाडा म्हणजे दगडविटांची इमारत नव्हे. चारसहा कुटुंबे आपापले कळप घेऊन एकत्र हिंडतात, त्या फिरत्या वस्तीस वाडा म्हणतात. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले असते. रात्री मेंढ्यांभोवती जाळे उभारतात, त्यास वाघर म्हणतात. मेंढीला दलदल आणि संततधार पाऊस मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात धनगर माण, खटाव, आटपाडी, जत अशा कमी पावसाच्या मुलुखात राहतात, आणि दिवाळी झाली की चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे भोर-पुण्याच्या बाजूस, काही तर घाट उतरून कोकणात जातात. पाऊस जवळ आला की परत फिरतात. वाटेत शेतकरी त्यांस आपल्या रानात मेंढ्या बसवावयास सांगतो. रात्रभर कळप बसला म्हणजे शेताला उत्तम खत मिळते, आणि त्याबद्दल धनगरास धान्य मिळते. ज्याला आपण भटका समजतो त्याच्या पायांखालून शेतकऱ्याचे पीक वाढत असते, ही गोष्ट शहरात राहून सहसा लक्षात येत नाही.

या लोकांची ग्रंथसंपत्ती म्हणजे ओव्या. धनगरी ओवी ही जात्यावरच्या ओवीहून निराळी. देवाला साद घालून, म्हणजे ‘सुंबरान मांडून’, गाणारे बसतात. मुख्य गायक ओळ उचलतो, साथीदार ती धरतात, आणि बिरोबाची किंवा धुळोबाची कथा रात्र सरेपर्यंत चालते. थोडे गाऊन झाले की तोच कथाभाग साध्या बोलण्यात पुन्हा सांगावयाचा असतो, त्यास ‘सपादनी’ म्हणतात. गाण्यात जे त्रोटक राहते ते सपादनीत उलगडते. अशी कथा ज्याला मुखोद्गत आहे त्या माणसाला आपण निरक्षर म्हणतो! शाळेतील दहा ओळींची कविता पाठ करताना आमच्या विद्यार्थ्यांची जी त्रेधा उडते ती आम्ही रोज पाहतो. म्हणून या स्मरणशक्तीपुढे आम्हांस तरी हात जोडावेसे वाटतात.

सोंथायमर यांनी या ओव्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. हे काम वाटते तितके सोपे नाही. गाणे माणसागणिक पालटते. आज गायलेले उद्या तसेच्या तसे येत नाही. फितीवरील शब्द कागदावर उतरवून घ्यावे, तर त्यांतले कितीतरी कोणत्याही कोशात नसतात, आणि त्यांचा अर्थ पुन्हा त्याच लोकांस विचारावा लागतो. येथे प्राध्यापक विद्यार्थी होतो आणि मेंढका गुरुजी होतो. आमच्या मते सोंथायमर यांच्या साऱ्या विद्वत्तेत हा गुण सर्वांत दुर्मीळ होता. कारण विद्वान मनुष्यास न समजलेले समजल्यासारखे दाखविण्याचा मोह फार असतो, आणि शिक्षकास तर तो अधिकच असतो. हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

या श्रमांतून त्यांस काय गवसले? पहिली गोष्ट ही की, देवसुद्धा चालतात. धाराशिव जिल्ह्यात सोनारी येथे भैरवाचे प्रसिद्ध स्थान आहे, आणि पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात वीर येथे म्हस्कोबाचे. कथा अशी की, सोनारीचा देव आपल्या भक्त धनगराच्या मागोमाग निघाला आणि वीरला येऊन राहिला. वरवर पाहता ही एक चमत्कारकथा. परंतु सोंथायमर यांनी ती मेंढ्यांच्या वाटांशी ताडून पाहिली, आणि देवाचा प्रवास हा मेंढपाळांच्या स्थलांतराचा इतिहास आहे, हे दाखवून दिले. ज्यांनी कधी कागद लिहिला नाही त्यांनी आपला इतिहास देवाच्या कथेत जपून ठेवला होता. पुढे त्या रानातल्या देवाचे देऊळ झाले, गावाने त्याला आपला मानला, पुजारी आले, मानपान ठरले, माघातली मोठी यात्रा भरू लागली.

दुसरी गोष्ट त्यांनी ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ या आपल्याच दोन जुन्या शब्दांनी समजावून सांगितली. वन म्हणजे रान, कुरण, शिकारीची आणि गुराखी-मेंढक्यांची भूमी. क्षेत्र म्हणजे नांगरलेले शेत, आणि तीर्थक्षेत्रही. या दोहोंत विरोध आहे आणि नातेही आहे. शेतकऱ्याला रानाची भीती वाटते, पण खत, लोकर, लाकूड आणि पुष्कळदा देवही त्याला रानातूनच मिळतात.

खंडोबाच्या दोन बायकांची गोष्ट घ्या. म्हाळसा ही लिंगायत वाण्याची मुलगी; तिचे लग्न रीतसर झालेले. बाणाई ही चंदनपुरीच्या धनगराची मुलगी. तिच्यासाठी खंडोबा घरदार सोडून धनगराच्या घरी चाकर राहिला आणि त्याने मेंढ्या राखल्या. (हे चंदनपुरी मालेगावजवळ आहे, मुंबई-आग्रा रस्त्याने इकडून नाशिकला जाणारे आमचे वाचक त्याच्या अगदी जवळून जात असतात.) जेजुरीस गेलेल्यांना ठाऊक असेल की, म्हाळसा गडावर देवाजवळ आहे आणि बाणाईचे ठाणे डोंगराच्या अर्ध्या वाटेवर आहे. दोघी सवतींची भांडणे वाघ्यामुरळी गातात, लोक पोट धरून हसतात. सोंथायमर हसून थांबले नाहीत. एक बायको पेठेतली, दुसरी रानातली. एक क्षेत्रातली, दुसरी वनातली. आणि दोन्ही घरे सांभाळणारा देव एकच. वाणी, धनगर, कोळी, रामोशी, मराठे, ब्राह्मण इतकेच नव्हे तर मुसलमान भक्तही ज्याच्या पायरीशी येतात, त्या देवाच्या संसाराकडे पाहिल्यास समाजाचा संसार दिसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. कर्नाटकातील मैलार आणि आंध्र-तेलंगणातील मल्लण्णा हे खंडोबाचेच भाऊबंद. त्यांचाही त्यांनी मागोवा घेतला. गावोगावी वेशीबाहेर पडलेले वीरगळ आणि सतीचे दगड यांकडेही त्यांची दृष्टी वळली, व धारवाडचे विद्वान प्रा. शे. शेट्टर यांच्यासमवेत त्यांनी संपादिलेला स्मारकशिळांवरील मोठा ग्रंथ १९८२ साली बाहेर पडला.

आता इंदूरकर वाचकाच्या मनात जे आले असेल त्याकडे वळतो. ज्या मुलुखातून धनगरांचे वाडे शतकानुशतके ये-जा करीत आले, त्याच मुलुखात नीरा नदीच्या काठी होळ नावाचे गाव आहे. तेथल्या धनगर घराण्यातील मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांचे बालपण वडिलांच्या मृत्यूनंतर खानदेशात तळोदे येथे मामाच्या घरी गेले. लहानपणी ते मेंढ्या राखीत, ही आख्यायिका आमच्या शहरात कोणाला ठाऊक नाही? त्यांचे नाव मल्हार, तेही खंडोबाचेच. त्यांच्या मुलाचे, म्हणजे अहिल्याबाईंच्या पतीचे नाव खंडेराव. अठराव्या शतकात होळकरांनी जेजुरीच्या गडावर बांधकामे करविली, आणि इकडे आपल्या राजवाड्यातच कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे मंदिर ठेविले. सराफ्यातून चार पावले टाकली की ते मंदिर येते. वनातला देव क्षेत्रात कसा आला, हे पाहावयास आमच्या विद्यार्थ्यांनी हायडेलबर्गला जावयाचे कारण नाही. तो माळव्यात घोड्यावर बसून आला आणि राज्यकर्त्याच्या घरात राहिला. असे असूनही ‘धनगर’ हा शब्द काही घरांत आजही हेटाळणीने उच्चारिला जातो, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. राजवाड्याच्या सावलीत राहून असे बोलणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते.

सोंथायमर यांचे पुढचे विवेचन जरा कठीण आहे, पण वर्गातल्या त्या निबंधाचे खरे उत्तर त्यातच असल्यामुळे ते सांगितलेच पाहिजे. हिंदू धर्म म्हणजे वर शास्त्र आणि खाली त्याची अडाणी माणसांनी केलेली मोडतोड, असे पुष्कळ विद्वान मानीत आले. सोंथायमर यांस हे मान्य नव्हते. त्यांनी या धर्माचे पाच घटक मानले: ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, तप आणि संन्यास, वन्य जमातींचा धर्म, लोकधर्म, आणि भक्ती. हे पाचही सतत एकमेकांस देतात आणि एकमेकांपासून घेतात. त्यांपैकी कोणताही दुसऱ्याची बिघडलेली नक्कल नव्हे. १९८९ साली हेर्मान कुल्के यांच्याबरोबर संपादिलेल्या ग्रंथात त्यांनी हे मत मांडले.

हे पडताळून पाहावयाचे तर चंपाषष्ठीची एक सकाळ पुरेशी आहे. उपाध्ये येऊन संस्कृतातील मल्हारिमाहात्म्य वाचतात. पाच जण मिळून ताम्हण उचलतात. त्यात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा असतो, आणि ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर होतो. याचा मंत्र कोणत्याही उपाध्यायाने शिकविलेला नसतो. सहा दिवस उपास धरलेली आजी त्या दिवशी तो सोडते. वाघ्या आला तर गाणे होते आणि त्यात बाणाई येतेच. नैवेद्यातला घास कुत्र्याला घालतात. का? तर खंडोबा शिकारीला निघतो तेव्हा कुत्रा त्याच्याबरोबर असतो. म्हणजे रानातली शिकार माजघरापर्यंत येऊन पोहोचली! एका घरात, दोन तासांत, शास्त्र, व्रत, रान, लोकाचार आणि भक्ती ही सारी एका पाटावर बसतात, आणि कोणी कोणाला ऊठ म्हणत नाही.

या ठिकाणी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमची घरची बोली कोंकणी. लहानपणी आमच्या घरी बायका धालो मांडीत, रात्री अंगणात रांगा धरून गात. आणि शाळेत जाऊ लागल्यावर आम्हांस त्या गाण्यांची थोडी लाज वाटू लागली, कारण ती क्रमिक पुस्तकात नव्हती. पुढे कॉलेजात असताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे लेखन हाती आले. हे गोव्याचे, कोंकणी घरातले, गणिताचे नामांकित विद्वान. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत त्यांनी रानातली ठाणी आणि मेंढपाळांच्या वाटा न्याहाळल्या, व त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९६१ साली, डॉ. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ हे पुस्तक आलेले होते. तेव्हा रानातल्या देवाकडे प्रथम एका परदेशी माणसाने पाहिले, असे कोणी समजू नये. परक्याने वाखाणले म्हणजे मग आपले आपल्याला चांगले वाटावे, ही आमची खोड काही सोंथायमर यांच्या कर्तृत्वाने सिद्ध होत नाही. त्यांचे वैशिष्ट्य निराळे. ते एका समाजाच्या मागे वर्षानुवर्षे चालत राहिले, आणि त्या समाजाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत जगापुढे ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ १९७६ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मराठीच्या विदुषी डॉ. ॲन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली निघाले. केवळ ग्रंथ लिहून त्यांचे समाधान झाले नाही. हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासमवेत त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. कारण चालणाऱ्यांचा धर्म बसलेल्या अक्षरांत पुरता मावत नाही. १९९२ साली, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कितीतरी फिती तशाच राहिल्या होत्या. त्यांतील बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ ओव्या रामदास अटकर व राजाराम झगडे यांच्या साहाय्याने डॉ. फेल्डहाउस यांनी सिद्ध केल्या, आणि त्यांचा ग्रंथ २०१४ साली प्रकाशात आला. प्राध्यापक गेल्यावर बावीस वर्षांनी माळावरचा तो आवाज छापखान्यात पोहोचला. फीत नसती तर तो गायकाबरोबरच संपला असता.

सोनाराच्या दुकानापुढची धूळ गोळा करून तीतून सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्यास झारेकरी म्हणतात, हे सराफ्यातल्या मुलांस निराळे सांगावयास नको. वर्गात सोंथायमर यांची हकीकत सांगताना आम्ही हाच दाखला दिला, आणि तोच निबंध पुन्हा लिहावयास सांगितला. अट एकच घातली: पुस्तक उघडावयाचे नाही, घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी वही घेऊन बसावयाचे.

या खेपेस वह्या जाड झाल्या. एकाने घरातल्या दिवटी-बुधलीचे चित्र काढून ती पणजोबांनी जेजुरीहून कशी आणली ते लिहिले. एकाच्या आजोबांनी मराठी शब्द आठवेना म्हणून अर्धी हकीकत माळवीत सांगितली, ती त्याने तशीच उतरविली. ते आम्हांस फार आवडले. आणि जिने हे महत्त्वाचे नसावे असे लिहिले होते तिने आजीकडून बाणाईचे एक गाणे मिळविले होते. मधल्या दोन ओळींच्या जागी तिने रेघा ओढल्या होत्या. आजीला त्या आठवत नाहीत. परंतु आजीची धाकटी बहीण देवासला असते, तिला सबंध गाणे येते, असे तिने समासात लिहिले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वही घेऊन देवासला जाणार आहे.